स्वस्त टॅबलेट आणि हरवलेला अनुस्वार

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी गेल्या पावसाळ्यात एक लाख रुपये जमवले. त्यांतील बरेचजण आज मुंबई, पुणे आणि गोव्यात नोकरीला आहेत. आपल्या शाळेतील मुलांना काहीतरी द्यावे, आणि ते आजच्या काळाला शोभणारे असावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पाच हजारांचा एक याप्रमाणे वीस अँड्रॉइड टॅबलेट घ्यावेत, असा प्रस्ताव पुढे आला. मराठीच्या प्रश्नावर आम्ही दोन ओळी लिहितो म्हणून त्यांनी आमचे मत विचारले. यंत्रतंत्राचे आम्ही जाणकार नव्हे. पण भाषेच्या अंगाने या वस्तूकडे पाहण्याची संधी मिळाली, आणि त्या निमित्ताने जे ध्यानात आले ते सीमाभागातील आणि सीमेपलीकडच्या मराठी वाचकांपुढे ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण असे प्रस्ताव आज गावोगावच्या मंडळांपुढे येत आहेत, आणि बहुतेक ठिकाणी चर्चा किमतीपाशी सुरू होऊन किमतीपाशीच संपते.

नमुना म्हणून आणलेला सात इंची टॅबलेट आम्ही आठवडाभर वापरला. कोणत्या कंपनीचा होता हे सांगण्याचे कारण नाही; त्या किमतीत मिळणारे बहुतेक नग एकाच वाणाचे असतात. शाळेतील सातवीच्या एका मुलीच्या हाती तो दिला आणि पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडून वाचायला सांगितले. पहिल्याच परिच्छेदात ती अडखळली आणि म्हणाली, ‘गुरुजी, टिंब दिसंना झालंय.’ आम्ही चष्मा सावरून पाहिले. टिंब खरोखरच नव्हते. ‘सर्वांना’ या शब्दातील रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून शिरोरेषेवर नुसता एक काळा ठिपका बसला होता.

हे का घडते याचा हिशेब साधा आहे, आणि टॅबलेट घेणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा मांडून पाहावा. ए-फोर आकाराच्या कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. त्यावर १२ पॉइंटात छापलेले अक्षर पडद्यावर किती बिंदूंनी काढले जाते, हे पडद्याच्या रुंदीतील बिंदूंच्या संख्येवर ठरते. पूर्ण पान एका वेळी दिसेल असे धरले, तर स्वस्त सात इंची पडद्याच्या ६०० बिंदूंत त्या अक्षराच्या वाट्याला उंचीचे अवघे १२ बिंदू येतात. ८०० बिंदूंच्या पडद्यावर १६, आणि १२०० बिंदूंच्या पडद्यावर २४. रोमन अक्षराला १२ बिंदू पुरतात, कारण त्याच्या डोक्यावर आणि पायाशी फारसे काही नसते. आपली लिपी तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि हलन्त. बारा बिंदू या तीन मजल्यांत वाटले की वरच्या मजल्याला जेमतेम तीन उरतात. तीन बिंदूंत रफार काढायचा की अनुस्वार? यंत्र बिचारे दोन्ही काढते, आणि वाचणाऱ्याला एकही दिसत नाही.

‘मोठे करून वाचावे’ असे यावर सांगितले जाते. मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते; प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे आणि परत सरकवावे लागते. ज्यांना वाचनाचा सराव आहे ते हे सहन करतात. अजून अक्षरावर बोट ठेवून वाचणारे मूल दोन ओळींत कंटाळते, आणि मग तोच टॅबलेट चलच्चित्रे पाहण्याच्या कामी लागतो. तेथे अनुस्वाराची अडचण नसते.

विस्मरणात गेलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ नावाच्या टॅबलेटचे अनावरण झाले. जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. डेटाविंड या कंपनीने बनवलेले हे उपकरण सरकारला सुमारे ५० डॉलरांना पडणार होते आणि विद्यार्थ्याला सवलतीने त्याहून कमी किमतीत मिळणार होते. सात इंची पडदा, पण बोटाने नव्हे तर नखाने दाबावा लागेल असा, २५६ एमबी स्मृती, अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती. आणि दोन-तीन तासांत मान टाकणारी बॅटरी. तक्रारी आल्या, आयआयटी राजस्थानकडून काम आयआयटी मुंबईकडे गेले, नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला ‘आकाश २’ आला, आणि काही वर्षांत नावही उरले नाही. संथ गतीबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला खटकली ती वेगळी गोष्ट: अँड्रॉइडच्या त्या २.२ आवृत्तीत देवनागरी धड दिसतच नव्हती. जोडाक्षरे फुटत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूस बसे. भारतातील विद्यार्थ्यांसाठी म्हणून योजलेले यंत्र भारतातील लिपी वाचू शकत नव्हते, आणि अनावरणाच्या दिवशी हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

तेव्हापासून परिस्थिती बदलली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत यंत्राची स्वतःची भाषा म्हणून मराठीचा समावेश झाला. सीमाभागातील वाचकांना एक तपशील रोचक वाटेल: मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा त्याच आवृत्तीत, एकाच यादीतून आल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याची सोय आणखी आठ भारतीय भाषांना दिली. त्यांतही या दोघी शेजारी शेजारीच होत्या. यंत्राला सीमा ठाऊक नसते. आज कोणत्याही नव्या टॅबलेटवर मराठी उमटते. मात्र उमटणे वेगळे आणि नीट उमटणे वेगळे.

दुकानात गेल्यावर विक्रेता पडद्यावर निळा समुद्र आणि लाल पोपट दाखवतो. त्याला ते बंद करायला सांगावे आणि चार शब्द लिहून पाहावेत. पहिली जोडी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. समुद्र आणि डोंगरांमधील खोलगट भाग यांत मराठी जो भेद करते तो या एका अर्ध्या र-वर तोललेला आहे. हिंदीला या चिन्हाची गरज नाही, म्हणून हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या कळफलकावर ते सापडत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या मुलाला आपल्या परिसराचे वर्णन लिहायचे असेल आणि ‘दऱ्या’ लिहिता येत नसेल, तर तो कळफलक त्याच्या काय कामाचा? दुसरा शब्द ‘ॲप’. यातील ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. जुना फॉन्ट टाकून माल खपवणाऱ्याच्या टॅबलेटवर त्याच्या जागी चौकोन दिसतो. हा चौकोन म्हणजे आतले सामान जुने असल्याची पावतीच. तिसरा ‘बाळ’, ळ कोठे ठेवला आहे हे पाहण्यासाठी. चौथा शब्द ‘सर्वांना’, तो का हे वर आलेच आहे.

याच वेळी ल आणि श यांची वळणे पाहून घ्यावीत. यंत्राची भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवली तर ही दोन अक्षरे बहुधा हिंदी वळणाची दिसतात. काही फॉन्टांत भाषा मराठी निवडताच मराठी वळणाचे ल आणि श प्रकट होतात. काहींत होत नाहीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची वळणे प्रमाण ठरवून दिली आहेत. वाचनात त्याने अडत नाही, हे खरे. पण पहिली-दुसरीतील मूल फळ्यावर एक ल गिरवते आणि पडद्यावर दुसरा पाहते, तेव्हा आपले चुकले की यंत्राचे, हा निवाडा त्याने कसा करावा?

आता टॅबलेटच्या पोटातील गोष्टी. त्यांत आम्ही फार शिरणार नाही. २०२२ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीच्या वेळी गूगलने अँड्रॉइडच्या हलक्या ‘गो’ आवृत्तीसाठीसुद्धा किमान २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण अशी अट घातली होती. किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरते. त्यावर काम करण्यापुरते नव्हे. शाळेत तीन-चार वर्षे टिकावयाचे असेल तर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण याखाली उतरू नये. खोक्यावर ‘४ अधिक ४’ असे लिहिलेले असते. त्यातील दुसरे चार हे साठवणीतून उसने घेतलेले असतात, त्यांना धरू नये. अनोळखी नावाच्या नगावर खोके एक सांगते आणि यंत्र दुसरे, असा प्रकार सर्रास आढळतो. सेटिंगमध्ये जाऊन आवृत्ती वाचावी, आणि प्ले स्टोअर उघडून त्याच्या सेटिंगमध्ये उपकरण प्रमाणित असल्याची नोंद आहे का ते पाहावे. ती नसेल तर पैसे परत मागावेत.

किमतीचा अंदाज यावा म्हणून ओळखीच्या नावांची दोन उदाहरणे देतो. सॅमसंगचा गॅलक्सी टॅब ए-नाइन ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, पडदा ८.७ इंची, आडव्या बाजूस ८०० बिंदू. शाओमीचा रेडमी पॅड एसई एप्रिल २०२४ मध्ये आला. पडदा ११ इंची, १२०० बिंदूंचा. दोहोंची आरंभीची किंमत तेरा हजारांच्या आसपास होती. किमती वरखाली होतात आणि प्रतिकृतीही जुन्या होतात. आमचा आग्रह नावाचा नाही, बिंदूंचा आहे. वरच्या हिशेबाने पहिल्यावर पाठ्यपुस्तकातील अक्षराला १६ बिंदू मिळतात आणि दुसऱ्यावर २४. सोळा बिंदूंत अनुस्वार दिसतो, पण शोधावा लागतो. चोवीस बिंदूंत तो आपल्या जागी असतो. त्याच पैशांत अधिक वेगवान पण लहान पडदा मिळत असेल, तर मराठी वाचण्यासाठी वेग सोडावा आणि पडदा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेडमी पॅडच्या या प्रतिकृतीत सिमकार्डाची सोय नाही, असा आक्षेप बैठकीत निघाला. आमच्या भागात हा आक्षेप तितका जड नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा जाळे मिळावे म्हणून डोंगराच्या टेकाडावर चढून बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. भीमगड अभयारण्याच्या काठावरील आणि आतील वस्त्यांत सिमकार्ड असून जाळे नसते. तेथे उपयोगी पडते ते एकदा उतरवून ठेवलेले साहित्य. गुरुजींनी आठवड्यातून एकदा खानापुरात येऊन पुस्तके, गोष्टी आणि ध्वनिफिती उतरवून घ्याव्यात, किंवा गरज पडल्यास आपल्या फोनवरून जोडणी द्यावी, एवढे पुरे. विजेचे मात्र पाहावे लागेल. पावसाळ्यात दोन दोन दिवस लाइट नसते आणि हवेतील ओल चार्जिंगच्या खाचेत शिरते. झाकण असलेले कव्हर आणि कोरडे कपाट या दोन गोष्टींचा खर्च टॅबलेटच्या किमतीतच धरला पाहिजे.

एवढे सगळे झाल्यावर खरा प्रश्न उरतो, आणि तो विक्रेत्याला विचारून उपयोग नाही. त्यावर वाचायचे काय?

‘मराठी माध्यमाचा संपूर्ण अभ्यासक्रम आत भरलेला आहे,’ असे सांगून काही टॅबलेट विकले जातात. खानापूरच्या पालकाने येथे सावध व्हावे. तो अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य मंडळाचा असतो. आपली मुले मराठीतून शिकतात ती कर्नाटकाचा अभ्यासक्रम; त्यांची पुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची, दहावीची परीक्षा कर्नाटकाच्या मंडळाची. भाषा आपली, धडे वेगळे. इतिहासाचा धडा शोधणाऱ्या मुलाला बालभारतीचा धडा सापडतो, तो सुंदर असतो, आणि परीक्षेत येत नाही. केंद्राच्या ‘दीक्षा’ ॲपवरही आधी मंडळ आणि मग माध्यम निवडावे लागते. घाईत महाराष्ट्र निवडले की सगळे दुसरेच पुढे येते. मराठी माध्यम म्हणजे महाराष्ट्र, हे समीकरण बनवणाऱ्यांच्या डोक्यात इतके पक्के आहे की दोहोंच्या मधल्या जागेत राहणारा माणूस त्यांच्या यादीतच नसतो. राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगितले. ते कलम १९५६ सालचे आहे, आणि कागदी पुस्तकांपुरती ती सोय कमीअधिक उभी राहिली. पडद्यावरच्या साहित्यात ती अजून उभी राहावयाची आहे. पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाच्या पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. त्या आधी उतरवून घ्याव्यात, बाकी नंतर.

या पीडीएफची एक खोड सांगून ठेवतो. कित्येक मराठी पुस्तके आजही युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसतात; यंत्राला ती रोमन अक्षरांची खिचडी असते. अशा पानावरील एखादा शब्द उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावा. विचित्र चिन्हे आली तर समजावे की या पुस्तकात शब्द शोधता येणार नाही आणि यंत्र ते मोठ्याने वाचूनही दाखवणार नाही. दृष्टी अधू असलेल्या मुलासाठी टॅबलेट घेत असाल तर ही परीक्षा सर्वांत आधी करावी. यंत्राला मराठी वाचता येते, त्यासाठीचा आवाज उतरवून घेता येतो. पण त्याला वाचण्याजोगे मराठी कोणी दिले तर. महाराष्ट्रातील साहित्य संस्थांकडे आम्ही कधी काही मागितलेच तर ते हेच असेल: पुस्तके युनिकोडात द्या.

अभ्यासक्रमापलीकडे मात्र मराठीचे भांडार आता खरोखर मोठे आहे, आणि टॅबलेटच्या बाजूने बोलावेसे वाटते ते त्यामुळे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. आमच्या लहानपणी ‘किशोर’चा एक अंक कोल्हापूरहून कोणी आणला तर तो आळीभर फिरे आणि शेवटी त्याचे मुखपृष्ठ वेगळे होऊन परत येई. आता दशकांचे अंक एका फळीवर मावतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मुलांच्या चित्रमय गोष्टी आहेत, आणि त्यांतील कित्येक मराठीतही आहेत, कन्नडमध्येही. मराठी विश्वकोश आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. खानापूरच्या घराघरांत बोलले जाणारे आणि पुण्यात विसरले गेलेले शब्द तीत सापडतात, हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

स्टोरीवीव्हरचा उल्लेख करताना ‘कन्नडमध्येही’ असे आम्ही मुद्दाम लिहिले. एकच गोष्ट दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचणारे मूल दोन्ही भाषा शिकते. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मागणे म्हणजे शेजारच्या भाषेकडे पाठ फिरवणे नव्हे, हे आम्ही पूर्वीही लिहिले आहे. इन्स्क्रिप्ट नावाची टंकलेखनाची जी पद्धत १९८० च्या दशकात भारत सरकारने प्रमाण ठरवली, तिच्यात क ची कळ मराठीला आणि कन्नडला एकच आहे. ग ची तीच, त ची तीच. एक भाषा लिहावयास शिकलेली बोटे दुसरी आपोआप लिहू लागतात. सीमाभागातील मुलांइतका या सोयीचा लाभ दुसऱ्या कोणाला होईल असे वाटत नाही, आणि तरीही आमची मुले रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. टॅबलेट येईल तेव्हा पहिल्या आठवड्यात बाकी काही न शिकवता देवनागरी लिहावयास शिकवावे.

बोलून लिहिण्याची सोय वडीलधाऱ्यांना फार आवडते. ती जाळ्यावर अवलंबून असते, आणि तिचा कान पुण्याकडचा आहे. ‘काय करतोस’ ती झटकन टिपते. ‘काय करूलास’ म्हटले की गोंधळते. हा दोष आपल्या बोलीचा नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण येथे मननीय आहे. माढा तालुक्यातील त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली शिक्षक म्हणून आले, तेव्हा मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकांची भाषा वेगळी अशी स्थिती होती. आमच्याकडील चित्राची ही उलटी प्रतिमा. त्यांनी स्वतः कन्नड शिकून घेतली, पहिली ते चौथीची पुस्तके मुलांच्या भाषेत आणली, आणि पानापानांवर क्यूआर कोड छापून त्यांच्यामागे कविता, गोष्टी आणि पाठ यांचे ध्वनी व चित्रफिती ठेवल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे. कमी बोलले जाते ते यावर, की त्या प्रयोगात महागडे यंत्र केंद्रस्थानी नव्हते. कागदाचे पुस्तक होते आणि त्याच्यापलीकडे मुलाच्या भाषेतील आवाज होता. तो आवाज ऐकायला कोणाही पालकाचा फोन पुरेसा होता.

म्हणून ज्या घरात बरा फोन आहे आणि मूल पाचवीच्या खालचे आहे, त्या घराने टॅबलेट घेऊ नये, असे आम्ही सांगतो. सातबाऱ्याऐवजी हाती पडणारा कन्नड उतारा, तहसीलदार कचेरीची नोटीस, शाळेचे परिपत्रक यांवर फोनचा कॅमेरा धरून मराठी भाषांतर पाहण्याची सोय आता आहे, आणि आमच्या वृद्ध शेतकऱ्यांना तिचा मोठा आधार वाटतो. त्यालाही टॅबलेट लागत नाही. फक्त जमिनीच्या कागदात यंत्राचे भाषांतर अंतिम मानू नये. हिश्श्याच्या आणि वहिवाटीच्या शब्दांत ते हमखास घसरते, तेथे जाणत्या माणसालाच कागद दाखवावा. आठवीपुढील मूल, रोज तास-दोन तास वाचणारे, आणि घरात त्यावर लक्ष ठेवणारे कोणी, अशी तिन्ही कारणे जुळत असतील तर टॅबलेट घ्यावा, आणि मोठ्या पडद्याचाच घ्यावा. तेवढे पैसे आज नसतील तर थांबावे. पाच हजारांचा घेऊन दीड वर्षात अडगळीत टाकणे हा सर्वांत महाग सौदा आहे, आणि तो आमच्याकडे मोलमजुरी करणारी घरे करत आहेत याचे आम्हांला वाईट वाटते. कोणी त्यांना नावे ठेवू नयेत. शेजारच्या मुलाच्या हाती पाटी आणि आपल्या मुलाच्या हाती काही नाही, हे पाहणे सोपे नसते.

शाळेच्या बाबतीत आम्ही दिलेला सल्ला बैठकीत सर्वांना रुचला नाही. वीस नग म्हटले की वीस मुलांचे छायाचित्र निघते. सहा नगांचे तसे निघत नाही. मुंबईच्या एका दादांनी तसे बोलूनही दाखवले, आणि त्यांचा मोकळेपणा आम्हांला आवडला. ‘आम्ही लांब राहतो, आम्हांला तेवढेच तर दिसतं,’ ते म्हणाले. त्यावर त्याच शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी नमुन्याचा टॅबलेट त्यांच्या हाती दिला आणि तेच सातवीचे पान वाचायला सांगितले. दादांनी दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुढची चर्चा आकड्यांची झाली.

अखेर तेरा हजारांच्या आसपासचे, मोठ्या पडद्याचे सहा टॅबलेट घेण्याचे ठरले: अठ्ठ्याहत्तर हजार. कव्हर आणि काच यांचे सहा हजार. दुरुस्तीसाठी सहा हजार राखून ठेवायचे. उरलेल्या दहा हजारांची कागदी पुस्तके घ्यायची, ही सूचना बाईंची होती आणि तिला विरोध झाला नाही. टॅबलेट शाळेच्या कपाटात राहतील, आठवी ते दहावीच्या मुलांना शुक्रवारी सही करून घरी नेता येतील आणि सोमवारी परत करावे लागतील. नोंदवही मराठीत असेल. ती हाताने लिहायची की टॅबलेटवर, यावरून मात्र बैठकीत अर्धा तास गेला, आणि तो निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.